रॉक संगीत : प्रस्थापित बँडची नवी गाणी आणि रेडिओ

अनेक वर्षे लोकप्रिय असलेल्या रॉक बँडने नवे गाणे काढले, तर त्याचा अल्बम खपतो, त्याच्या कार्यक्रमांची तिकिटे हातोहात जातात, पण ते गाणे रेडिओवर फारसे वाजत नाही. अमेरिका आणि ब्रिटन या रॉक संगीताच्या दोन मुख्य बाजारपेठांत १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हा अनुभव इतक्या नेमाने येत गेला आहे की, संगीतव्यवसायात आता तो गृहीतच धरला जातो. ‘वय झाले, गाण्यात पूर्वीचा जोर उरला नाही’ हे याचे सर्रास दिले जाणारे कारण आहे. काही गाण्यांच्या बाबतीत ते खरेही आहे. तथापि बहुतेक गाणी दर्जाच्या कसोटीपर्यंत पोहोचतच नाहीत, कारण रेडिओ केंद्राच्या कामाची रीत त्याआधीच त्यांना बाजूला सारते. म्हणून या प्रश्नाचा विचार केंद्राच्या कारभारापासून सुरू करावा लागतो.

हे बँड मोठे झाले ते रेडिओमुळेच. १९६० च्या दशकात अमेरिकी सरकारने एकाच मालकाच्या एएम आणि एफएम केंद्रांवर एकच कार्यक्रम ऐकवण्यास मर्यादा घातल्या, आणि मोकळ्या झालेल्या एफएम लहरींवर वेगळे काही वाजवण्याची गरज निर्माण झाली. तीन मिनिटांच्या ठरावीक गाण्यांऐवजी अल्बममधील लांबलचक रचना ऐकवणाऱ्या केंद्रांची परंपरा त्यातून उभी राहिली, आणि पुढे ती ‘अल्बम रॉक’ या नावाने ओळखली जाऊ लागली. या केंद्रांवर नव्या अल्बमचे आगमन ही बातमी असे आणि कोणते गाणे उचलायचे हे पुष्कळदा निवेदकच ठरवी. ‘बिलबोर्ड’ या संगीतव्यवसायाच्या अमेरिकी साप्ताहिकाने मार्च १९८१ मध्ये रॉक केंद्रांवरील गाण्यांची स्वतंत्र यादी सुरू केली, तेव्हा त्याच वर्षी रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश बँडचे ‘स्टार्ट मी अप’ तिच्यात १३ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. स्टोन्स त्या वेळी जवळपास वीस वर्षांचा जुना बँड होता आणि तरीही त्याचे नवे गाणे सर्वांत पुढे होते, ही गोष्ट आज मुद्दाम सांगावी लागते.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर या केंद्रांची फाटाफूट झाली. तरुणपणी ऐकलेलीच गाणी पुन्हा ऐकू इच्छिणारा तिशीचा श्रोता जाहिरातदारांना अधिक मोलाचा आहे, हे लक्षात आल्यावर केवळ जुनी गाणी वाजवणारी ‘क्लासिक रॉक’ केंद्रे निघाली. सल्लागार फ्रेड जेकब्स यांचे नाव या प्रकाराशी विशेष जोडले जाते. दुसरीकडे तरुण श्रोत्यांसाठी नव्या बँडची केंद्रे वाढली आणि सप्टेंबर १९८८ मध्ये ‘बिलबोर्ड’ने त्यांच्यासाठीही वेगळी यादी काढली. प्रस्थापित बँडच्या नव्या गाण्याची खरी अडचण येथून सुरू होते. क्लासिक रॉक केंद्राच्या दृष्टीने बँड आपला, पण गाणे नवे, म्हणून नको. तरुणांच्या केंद्राच्या दृष्टीने गाणे नवे, पण बँड वडिलांच्या पिढीचा, म्हणून नको. रोलिंग स्टोन्सचे अमेरिकेतील पहिल्या दहांत पोहोचलेले १९८९ चे ‘मिक्स्ड इमोशन्स’ हे तशा गाण्यांतील शेवटचे ठरले. ते पाचव्या क्रमांकापर्यंत गेले होते.

गाणी कशी निवडली जातात हे जवळून पाहिल्याखेरीज या नकाराचे स्वरूप कळत नाही. क्लासिक रॉक केंद्र ठरावीक काळाने श्रोत्यांची चाचणी घेते. हॉटेलच्या सभागृहात त्या वयोगटातील शंभरएक माणसे मानधन देऊन बोलावली जातात आणि त्यांना एकामागून एक शेकडो गाण्यांचे तुकडे ऐकवले जातात. प्रत्येक तुकडा सात ते दहा सेकंदांचा, म्हणजे गाण्याचे धृपद किंवा गिटारची ओळखीची सुरावट एवढाच असतो. व्यवसायात त्याला ‘हुक’ म्हणतात. श्रोत्याने हातातील कागदावर किंवा यंत्रावर गाणे ओळखीचे आहे का, आवडते का, ऐकून कंटाळा आला आहे का, एवढेच नोंदवायचे असते. वीस वर्षे कानांवर पडलेल्या गाण्याचा तुकडा सुरू होताच माणसाच्या मनात संपूर्ण गाणे उभे राहते. नव्या गाण्याच्या तुकड्यामागे उभे राहण्यासारखे काहीच नसते. ते अनोळखी म्हणून गुण गमावते, किंवा चाचणीत त्याचा समावेशच केला जात नाही. परिचय वाढला की आवड वाढते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झाजॉन्क यांनी १९६८ मध्येच प्रयोगांनी मांडले होते. गाणे वाजल्याशिवाय परिचय होत नाही आणि परिचय असल्याशिवाय वाजत नाही, असा हा पेच आहे. नव्या कलावंतांच्या गाण्यांसाठी तो सोडवला जातो, कारण तरुणांच्या केंद्रांना नवेपणा विकायचा असतो आणि ती एखादे चालणारे गाणे आठवड्यातून शंभराहून अधिक वेळा वाजवतात. क्लासिक रॉक केंद्राने विकायला ठेवलेली वस्तू ओळख हीच आहे.

श्रोतामापनाच्या तंत्राने ही सावधगिरी आणखी वाढवली. पूर्वी निवडक श्रोते आठवडाभर काय ऐकले ते वहीत लिहीत. त्या नोंदी स्मरणावर अवलंबून असत आणि एखाद्या गाण्याला माणूस कंटाळला की नाही हे त्यांतून दिसत नसे. अमेरिकेत २००७ पासून मोठ्या शहरांत खिशात बाळगायचे मापक यंत्र वापरात आले. प्रक्षेपणात मिसळलेला, कानाला न जाणवणारा संकेत ते टिपते, आणि कोणत्या मिनिटाला किती जणांनी केंद्र बदलले हे त्यातून उघड होते. पंधरा मिनिटांच्या खंडात किमान पाच मिनिटे ऐकले तरच त्या खंडाचे श्रेय केंद्राला मिळे, असा हिशेब दीर्घकाळ चालत आला. अशा हिशेबात चार मिनिटांचे अनोळखी गाणे केवढी जोखीम ठरते हे सांगायला नको. कार्यक्रम संचालकाला त्या बँडविषयी मनापासून आदर असला, तरी ते गाणे लावल्याने त्याला मिळण्यासारखे काही नसते आणि गमावण्यासारखे पुष्कळ असते.

यात भर पडते ती स्पर्धेची, आणि ती स्पर्धा विलक्षण आहे. नवोदित बँडच्या गाण्याला इतर नवोदितांशी झुंजावे लागते. प्रस्थापित बँडच्या नव्या गाण्याला स्वतःच्याच जुन्या गाण्यांशी झुंजावे लागते. केंद्राच्या तासात एका बँडला एकच जागा मिळते. त्या जागी नवे गाणे घालायचे, तर ज्यासाठी श्रोत्याने केंद्र लावलेले असते ते जुने गाणे काढावे लागते. मैफलीत बुजुर्ग गायकाने नवी बंदिश मांडावी आणि श्रोत्यांतून जुन्या पदाची फर्माईश यावी, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की, मैफलीत गायक आपली बंदिश आधी पुरी करू शकतो.

येथे काळाची सीमा कशी चालते हेही पाहण्यासारखे आहे. क्लासिक रॉक केंद्रे जुन्या काळालाच चिकटून असतात असे वरवर वाटते, पण त्यांची सीमा पुढे सरकत असते. १९९० च्या दशकातील निर्वाणा, पर्ल जॅम आणि साउंडगार्डन यांची गाणी आता त्यांच्या नेहमीच्या फेऱ्यात आहेत. साउंडगार्डनचे ‘ब्लॅक होल सन’ आणि रोलिंग स्टोन्सचे ‘लव्ह इज स्ट्राँग’ ही दोन्ही गाणी १९९४ ची. पहिले आज क्लासिक म्हणून वाजते. दुसरे क्वचितच कानी पडते. म्हणजे केवळ गाण्याच्या वयाने क्लासिकपण येत नाही; ते कोणाच्या तरी तारुण्याशी जोडले जावे लागते. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणसाची संगीताची आवड सरासरी साडेतेविसाव्या वर्षाच्या आसपासच्या गाण्यांवर सर्वाधिक स्थिरावते असे आढळले होते. १९९४ मध्ये विशीत असलेल्यांचे कान साउंडगार्डनकडे होते, आणि स्टोन्सच्या मूळ श्रोत्यांचे ते वय कधीच उलटून गेले होते. मला हा या विषयाचा गाभा वाटतो : त्या गाण्याच्या वाट्याला विशीतल्या श्रोत्यांची पिढीच आली नाही.

ईगल्स या अमेरिकी बँडचे २००७ चे उदाहरण या सगळ्या कारणांना एकत्र आणते. संपूर्ण नव्या गाण्यांचा त्यांचा आधीचा अल्बम १९७९ चा. त्यानंतर २८ वर्षांनी ‘लाँग रोड आउट ऑफ ईडन’ हा दुहेरी अल्बम ३० ऑक्टोबर २००७ रोजी आला. अमेरिकेत तो वॉलमार्टच्या दुकानांतच विकायला ठेवला होता, तरी पहिल्याच आठवड्यात त्याच्या ७,११,००० प्रती खपल्या. आधी काढलेले ‘हाउ लाँग’ हे गाणे मात्र ‘बिलबोर्ड’च्या ‘हॉट १००’ यादीच्या उंबरठ्यावरच अडले. ज्या केंद्रांवर याच बँडची १९७० च्या दशकातील गाणी दिवसरात्र वाजत होती, त्यांनी ते जवळ केले नाही; त्याला आसरा मिळाला तो कंट्री संगीताच्या केंद्रांवर, आणि पुढच्या वर्षी ग्रॅमी पुरस्कारही कंट्री विभागातच मिळाला. विशेष म्हणजे हे गाणे जे. डी. साउदर यांनी रचलेले आणि त्यांनीच १९७२ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले, म्हणजे अगदी त्या सुवर्णकाळातलेच होते. लाखो लोक पैसे मोजून अल्बम घरी नेत असताना रेडिओला त्यातले गाणे परके वाटले, याचा दोष गाण्यावर टाकणे मला न्याय्य वाटत नाही.

ब्रिटनमध्ये हाच वाद १९९६ मध्ये जाहीरपणे झाला, आणि तेथे कारण अधिक स्पष्ट होते. सप्टेंबर १९६७ मध्ये सुरू झालेले ‘बीबीसी रेडिओ १’ हे तरुणांचे केंद्र आपल्या मूळ श्रोत्यांसोबत वयस्क होत चालले होते. १९९३ पासून त्याचा कायापालट हाती घेण्यात आला आणि जुने निवेदक व जुने बँड दोन्ही मागे पडले. मार्च १९९६ मध्ये जॉन लेनन यांच्या जुन्या ध्वनिफितीवरून उरलेल्या तिघांनी पुरे केलेले बीटल्सचे ‘रिअल लव्ह’ प्रसिद्ध झाले, तेव्हा या केंद्राने ते आपल्या प्लेलिस्टमध्ये घेतले नाही. प्रश्न संसद सदस्यांपर्यंत गेला आणि त्या तिघांपैकी पॉल मॅकार्टनी यांनी वृत्तपत्रात लेख लिहून नाराजी मांडली. तरीही गाणे ब्रिटिश यादीत चौथ्या क्रमांकावर आले, कारण ती यादी तेव्हा फक्त विक्रीवर ठरत असे. अमेरिकेतील ‘हॉट १००’मध्ये रेडिओवरील वादनही मोजले जाते, त्यामुळे तेथे रेडिओचा नकार थेट क्रमांकात उतरतो. त्याच वर्षी स्टेटस क्वो या बँडने बीच बॉइजसह गायलेले ‘फन, फन, फन’ वाजवले जात नाही म्हणून रेडिओ १ विरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि दावा गमावला. कोणते गाणे वाजवायचे हे ठरवण्याचा अधिकार केंद्राचाच, हे कायद्याने योग्यच होते. पण ज्या बँडला आयुष्यभर रेडिओने घडवले, त्याने न्यायालयाची पायरी चढावी, यातली व्यथा केवळ हट्ट म्हणून उडवून लावता येत नाही. पुढे ‘रेडिओ २’ने वयस्क पॉप आणि रॉक श्रोत्यांना सामावून घेतले, म्हणून ब्रिटनमध्ये अशा गाण्यांना निदान एक हक्काचे घर आहे. अमेरिकेत तसे राष्ट्रीय केंद्र नाही.

अमेरिकेत मालकीच्या केंद्रीकरणाने उरलेसुरले दरवाजे अरुंद केले. १९९६ च्या दूरसंचार कायद्यापूर्वी एका मालकाला देशभरात ४० केंद्रेच ठेवता येत. ती मर्यादा उठताच क्लिअर चॅनल या एकाच कंपनीकडे बाराशेच्या आसपास केंद्रे आली. गाण्यांची निवड अनेक शहरांसाठी मिळून होऊ लागली आणि एखाद्या गावातील निवेदकाने हौसेने लावलेले गाणे हळूहळू देशभर पसरण्याची जुनी वाट बंद झाली. ध्वनिमुद्रण कंपन्यांचा हिशेबही याला पूरकच होता. रेडिओवर गाणे चढवण्यासाठी लागणारा खर्च त्या ज्याची कारकीर्द उभी करायची आहे अशा नवोदितावर करतात. रोलिंग स्टोन्सच्या २००५ ते २००७ च्या दौऱ्याने ५५ कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळवले, आणि अशा बँडला रेडिओची निकड तरी किती उरते?

या भिंतीत खिंडारे पडली आहेत, आणि ती बहुधा दुसऱ्याच्या खांद्यावर बसून. ज्येष्ठ गिटारवादक कार्लोस सँटाना यांचे १९९९ चे ‘स्मूद’ अमेरिकेत १२ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. त्यातला आवाज मॅचबॉक्स ट्वेंटी या तरुण बँडच्या रॉब थॉमस यांचा होता. एरोस्मिथला १९९८ मध्ये मिळालेले एकमेव पहिले स्थान ‘आर्मागेडन’ चित्रपटातील गाण्याने मिळवून दिले. मॅकार्टनी २०१५ मध्ये अनेक वर्षांनी पहिल्या दहांत आले ते रिहाना आणि कान्ये वेस्ट यांच्यासोबत. नव्या जड रॉकची केंद्रे हा वेगळा अपवाद आहे : मेटॅलिका, फू फायटर्स आणि एसी/डीसी यांची नवी गाणी तेथे आजही यादीच्या माथ्यावर जातात, कारण त्या केंद्रांच्या श्रोत्यांना त्यांचा आवाज जुना वाटत नाही. मात्र हे यश त्या केंद्रांच्या कुंपणाबाहेर क्वचितच पडते.

रेडिओला वळसा घालण्याचे मार्ग दरम्यान तयार झाले. उपग्रह रेडिओने एकाच कलावंताला वाहिलेल्या वाहिन्या काढल्या, त्यांत मे २०१७ मध्ये सुरू झालेली बीटल्सची वाहिनी येते. बॉब डिलन यांचे जवळपास १७ मिनिटांचे ‘मर्डर मोस्ट फाउल’ २०२० मध्ये रॉक गाण्यांच्या डिजिटल विक्रीच्या यादीत पहिले आले. स्वतःच्या नावाने ‘बिलबोर्ड’च्या गाण्यांच्या कोणत्याही यादीत डिलन यांना मिळालेले ते पहिलेच अग्रस्थान. नोव्हेंबर २०२३ मध्ये, ‘रिअल लव्ह’प्रमाणेच लेनन यांच्या जुन्या फितीतून बाहेर आलेले ‘नाउ अँड देन’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. बीटल्सना तेथे हे स्थान त्याआधी १९६९ मध्ये मिळाले होते.