पत्रा सडला तर जबाबदार कोण?

बारा-पंधरा वर्षं वापरलेली मर्सिडीज किंवा ऑडी आज नव्या छोट्या गाडीच्या किमतीत मिळते. कोल्हापुरात घेणारा इंजिनचा आवाज ऐकतो, किलोमीटर बघतो, एसी लावून बघतो. खाली वाकून पत्रा मात्र क्वचितच कुणी बघतं. गंजाची सुरुवात तर पुष्कळदा कारखान्यातच झालेली असते.

पोर्शने १९७०च्या दशकाच्या मध्यापासून ९११ साठी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरायला घेतला. ऑडीने १९८०च्या दशकात ‘१००’ या मॉडेलची अख्खी बॉडी तशी केली. जस्त स्वतः झिजतं आणि लोखंड वाचवतं. मर्सिडीजचं उलटं झालं. पुण्यात १९९५ साली डब्ल्यू-१२४ (मर्सिडीजच्या ई-क्लास गाडीची एक पिढी) ची जुळणी सुरू झाली आणि त्याच वर्षी युरोपात तिच्या जागी आलेली डब्ल्यू-२१० पुढे गंजासाठी बदनाम झाली. तिच्या पुढच्या स्प्रिंगची वरची बैठक आतल्या पत्र्याला स्पॉट वेल्डिंगने, म्हणजे ठिकठिकाणी ठिपक्यांसारखे टाके देऊन, जोडलेली. सांध्यावरचं सीलंट तडकलं की पाणी आत मुरतं, पत्रा आतून सडतो आणि एक दिवस बैठक उखडून गाडी एका बाजूला बसते. महामार्गावर वेगात असताना हे घडलं तर काय, या विचारानेच अंगावर काटा येतो. कंपनीने युरोपात नंतर पत्र्याला भोक पडण्याविरुद्ध तीस वर्षांची हमी दिली, पण अट अधिकृत सर्व्हिसची. मधल्या एकाच मालकाने सर्व्हिस चुकवली, तरी पुढच्या सगळ्यांची हमी अडचणीत.

इथे कोल्हापुरात त्यात महापुराची भर पडली. २०१९ आणि २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने ५५ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. शाहूपुरीसारख्या भागात घराघरांत पाणी शिरलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. पुरात अडकलेली गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते. पण दाराखालच्या पोकळ पट्टीत गाळ राहतो, गालिच्याखालचा जाड फोम ओल धरून ठेवतो. महागड्या गाड्यांत वायरिंग आणि कंट्रोल युनिट (गाडीतले छोटे संगणक) ही बऱ्याचदा तिथेच असतात. म्हणून गालिचा उचलून हात घालून बघा, सीटच्या बोल्टवर गंज आहे का तेही बघा.

पुराचं नुकसान सर्वसमावेशक विम्यात येतं. हळूहळू चढलेला गंज झीज म्हणून वगळला जातो, तो खर्च मालकाच्याच खिशातून. अपघात झाला तर गोष्ट आणखी गंभीर. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की भरपाईसाठी आरसी बुकावर ज्याचं नाव, तोच मालक. गाडी पुढे कितीही हातांतून गेली असली तरी. म्हणजे गाडी विकून नाव न बदलणाऱ्याचीही सुटका नाही. कायद्याने विकणाऱ्याने हस्तांतर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं (राज्याबाहेर विकली तर ४५), घेणाऱ्याने ३० दिवसांत. घेणाऱ्याने विकणाऱ्याकडून आणखी एक कागद आग्रहाने मागावा: गाडी पुरात बुडाली होती की नाही, हे त्याच्या सहीने लिहून घ्यावं.