स्पीकरच्या आतली तार

निकामी झालेला स्पीकर टाकून देण्याआधी एकदा खोलून पाहावा. शंकू कापून बाजूला केला की त्याच्या मुळाशी एक छोटी नळी हाती लागते आणि तिच्यावर शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक तांब्याची तार वेढ्याला वेढा लावून गुंडाळलेली दिसते. ही व्हॉइस कॉइल, म्हणजे प्रवाह मिळाला की शंकूला हलवणारं वेटोळं. उलगडत गेलं तर कित्येक मीटर तार निघते. ‘८ ओहम’ असं छापलेल्या स्पीकरमध्ये या एका तारेचाच रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, ६ ओहमच्या आसपास असतो. मी पहिल्यांदा ती उलगडली, तेव्हा महागड्या स्पीकर केबलने आवाज सुधारतो या दाव्याबद्दलचे माझे निम्मे प्रश्न तिथेच सुटले.

आता बाहेरच्या केबलचा हिशेब करू. २.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर मीटरमागे सुमारे ०.००७ ओहम रोध करते. स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरपासून ३ मीटरवर असेल, तर जायची-यायची मिळून ६ मीटर तार झाली, म्हणजे ०.०४ ओहम. त्याने आवाजात पडणारी घट ०.०५ डेसिबलसुद्धा भरत नाही. आपल्या कानाला साधारण १ डेसिबलचा फरक कळतो. कान तयार असेल आणि खोली शांत असेल तर त्याहून कमीही कळतो, पण इतका कमी नाही. बाहेर ०.०४ ओहम वाचवण्यासाठी जिवाचा आटापिटा करायचा आणि पुढे तोच प्रवाह दोऱ्याएवढ्या तारेच्या ६ ओहममधून जाणार, हे ध्यानात घेतलं पाहिजे.

चांदीची केबल घेतली तर? चांदी तांब्यापेक्षा विजेची चांगली वाहक आहे खरी, पण जेमतेम ६ टक्क्यांनी. ‘ऑक्सिजनमुक्त’ तांब्याचा फायदा तर १ टक्क्याच्या घरातला. दुसरा एक दावा ऐकायला येतो तो ‘त्वचा परिणामा’चा: वारंवारता वाढली की प्रवाह तारेच्या पृष्ठभागाकडे सरकतो. हे भौतिकशास्त्र खरं आहे. रेडिओ लहरींच्या बाबतीत त्याला फार महत्त्व आहे. पण २०,००० हर्ट्झ या माणसाच्या श्रवणाच्या वरच्या टोकालासुद्धा तांब्यात हा थर जवळजवळ अर्धा मिलिमीटर जाड असतो आणि आपल्या वायरची त्रिज्याच ०.९ मिलिमीटर आहे. मुळात नगण्य असलेला रोध थोडासा वाढतो, इतकंच.

काही केबलींवर प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण असतो. ज्या केबलचं कवच, म्हणजे तारेभोवतीचं धातूचं वेष्टण, एकाच टोकाला जोडलेलं असतं, तिथे या बाणाला अर्थ आहे, कारण बाहेरून शिरणारी विजेची गुणगुण कोणत्या टोकाला जमिनीत सोडायची ते त्यावरून ठरतं. तांब्यालाच दिशा असते हे मात्र मला पटत नाही. ४४० हर्ट्झचा एक सूर वाजतो तेव्हा तारेतला प्रवाह सेकंदाला ८८० वेळा उलटतो.

मग केबल बदलल्यावर ‘आवाज खुलला’ असं प्रामाणिकपणे सांगणारी माणसं खोटं बोलतात का? अजिबात नाही. त्यांना फरक ऐकू येतो, आणि तो का येतो हे मला तारेपेक्षा जास्त रंजक वाटतं. केबल बदलायला माणूस उठतो, पाच-दहा मिनिटं खटपट करतो आणि परत बसतो. आवाजाच्या बारकाव्यांची आपली आठवण काही सेकंदांतच विरते. शिवाय डोकं नेमकं पूर्वीच्या जागी येत नाही. १०,००० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी केवळ ३.४ सेंटिमीटर असते. भिंतींवरून परतणाऱ्या आणि थेट येणाऱ्या लहरी कुठे एकमेकींना बळ देतात, कुठे पुसून टाकतात. त्यामुळे कान दोन बोटं सरकला तरी वरचे सूर वेगळे ऐकू येतात, आणि हा फरक यंत्रावर मोजतासुद्धा येतो. त्यात भर म्हणजे जुनी पिन काढून पुन्हा बसवताना तिच्यावरचा गंज घासला जातो. आणि भरपूर पैसे मोजलेले असले की आपण आधीपेक्षा मन लावून ऐकतो.

हे सगळं बाजूला सारायचं तर ऐकणाऱ्याला कोणती केबल जोडली आहे हे कळता कामा नये. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीज या संशोधनसंस्थेच्या मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० मध्ये अशी पद्धत मांडली: आधी अ, मग ब, मग त्यांतलाच एक, आणि तो कोणता हे ओळखायचं. १६ वेळा ऐकवून १२ वेळा अचूक उत्तर आलं, तर ते निव्वळ अंदाजाने जमण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. दोन्हीकडचा आवाज आधी मीटर लावून सारखा करून घ्यावा लागतो, कारण किंचित मोठा आवाज कानाला ‘जास्त चांगला’ वाटतो. २००७ मध्ये अद्भुत दाव्यांची परीक्षा घेणारे जादूगार जेम्स रँडी यांनी ७,२५० डॉलरची स्पीकर केबल अशा चाचणीत ओळखून दाखवणाऱ्याला १० लाख डॉलर देऊ केले होते. बोलणी पुष्कळ झाली, चाचणी झालीच नाही. ती व्हायला हवी होती असं मला आजही वाटतं.

केबलने कधीच फरक पडत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. इलेक्ट्रिक गिटार घ्या. तिच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांचं कंपन टिपणाऱ्या भागात, हजारो वेढ्यांची कॉइल असते आणि केबलची धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) तिच्याशी जोडली जाते. केबल लांबली की वरचे सूर मंदावतात, आणि हे कुणालाही ऐकू येतं. रेकॉर्ड प्लेअरची सुई काही मिलिव्होल्टच देते, म्हणून तिथेही केबलची धारकता आणि कवच पाहून घ्यावं लागतं. स्टेजवर मायक्रोफोनच्या लांब केबलीत एकच संकेत सुलट आणि उलट अशा दोन तारांवरून नेतात. वाटेत शिरलेली गुणगुण दोन्हींत सारखी असल्याने शेवटी वजाबाकीत निघून जाते. ही करामत रचनेची आहे, धातूच्या किमतीची नाही. स्पीकर १५-२० मीटर दूर असेल तर जाड तार हवीच.

एचडीएमआयसारख्या डिजिटल केबलीतून शून्य आणि एकचे आकडे जातात. केबल कमी पडली तर चित्रात ठिपके चमकतात, आवाज तुटतो, कधी सगळंच बंद पडतं. पण गायकाचा आवाज ‘उबदार’ होईल अशा पद्धतीने आकडे बिघडत नाहीत.

माझ्या स्पीकरला साधी २.५ची वायर आहे. अधूनमधून मी तिची टोकं पाहतो. तांबं काळपट किंवा हिरवट दिसलं की सेंटिमीटरभर कापून टाकतो, आतलं लखलखीत तांबं उघडं करतो, सगळे पदर एकत्र पिळतो, एखादा सुटा पदर शेजारच्या टर्मिनलला टेकत नाही ना ते बघतो आणि स्क्रू घट्ट आवळतो.