जुनी मिल कोणी बुडवली? भागधारकांच्या एका वादाची पार्श्वभूमी

सोलापुरात एखाद्या कंपनीचे दिवस फिरले की सर्वसाधारण सभेत ताळेबंद बाजूला राहतो आणि कंपनी कोणी बुडवली यावरच आवाज चढतात. संचालक बाजाराकडे बोट दाखवतात, भागधारक संचालकांकडे, आणि भागधारकांतही ज्यांच्या खिशाला आधी चाट बसणार ते एकीकडे व उरलेले दुसरीकडे होतात. या शहराला हे नवे नाही. शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे सोलापूरकरांच्या तोंडची ‘जुनी मिल’, १९४९ मध्ये बंद पडली तेव्हा हाच वाद आधी सरकारदरबारी आणि मग दोनदा सर्वोच्च न्यायालयात गेला. आजच्या सभांमधून जे मुद्दे ऐकू येतात त्यांतले बरेचसे तेव्हाच मांडून झाले होते.

ही गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. मुंबईचे व्यापारी मोरारजी गोकुळदास तिचे संस्थापक. त्या काळच्या बहुतेक गिरण्यांप्रमाणे हिचाही कारभार ‘मॅनेजिंग एजंट’ पेढीकडे असे. भांडवल भागधारकांचे, नाव कंपनीचे, पण कापूस कोणाकडून घ्यायचा, सूत कोणाला विकायचे आणि कर्ज कोठून काढायचे हे एजंटांनी ठरवायचे, अशी ती व्यवस्था होती. मुंबई इलाख्यातल्या सुरुवातीच्या गिरण्यांत एजंटांचे कमिशन उत्पादनावर, दर पौंड सुतामागे पाव आणा, असे ठरलेले असे. म्हणजे गिरणीला नफा होवो वा तोटा, साचे चालू राहिले की कमिशन मिळे. दोष कोणाचा या भांडणाचे मूळ माझ्या मते या पाव आण्यात आहे. कंपनी कायद्यातील १९३६ च्या दुरुस्तीने एजंटांची मुदत वीस वर्षांवर आणली आणि मोबदला निव्वळ नफ्याशी जोडला, तरी कारभार एकाच्या हाती आणि जोखीम दुसऱ्याच्या माथी ही रचना तशीच राहिली.

दुसरे महायुद्ध कापडगिरण्यांना भरभराटीचे गेले. त्यानंतर फाळणीने चांगला कापूस पिकवणारा मोठा मुलूख सीमेपलीकडे गेला, कापडावरचे नियंत्रण १९४८ मध्ये उठवून त्याच वर्षी पुन्हा लादले गेले, आणि गिरण्यांचे हिशेब विस्कटले. २७ जुलै १९४९ रोजी जुन्या मिलच्या संचालकांनी कामगारांना गिरणी बंद करण्याची नोटीस दिली आणि बरोबर महिन्याने, २७ ऑगस्टला, गिरणी बंद झाली. तयार मालाचा साठा तुंबला आहे आणि पैशांची ओढाताण आहे, ही अडचण पुढे केली गेली. त्यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. पण तोच बाजार इतर गिरण्यांनाही होता, हे उत्तरही तितकेच खरे.

यापुढची गोष्ट समजण्यासाठी कंपनीचे भागभांडवल पाहावे लागते. एक हजार रुपयांचे १,५९० आणि पाचशे रुपयांचे २० साधे भाग पूर्ण भरलेले होते; त्यांचे मिळून सोळा लाख होतात. याखेरीज शंभर रुपयांचे ३२,००० अग्रहक्क भाग, म्हणजे ज्यांना ठरावीक लाभांश साध्या भागांच्या आधी मिळतो असे भाग, होते, पण त्यांवर प्रत्येकी पन्नासच रुपये मागवलेले होते. म्हणजे वसूल भांडवल बत्तीस लाख, आणि अग्रहक्क भागधारकांकडून येणे आणखी सोळा लाख. साध्या भागधारकाचे पैसे भरून झाले होते. गिरणी तगवायला नवे पैसे हवेत असे कोणी म्हटले तर ते दुसऱ्याच्याच खिशातून येणार होते. ठरावीक लाभांशाच्या भरवशावर बसलेल्या अग्रहक्कवाल्याला मात्र, ज्यांनी गिरणी बंद पाडली त्यांच्या चुकीची भरपाई आपण का करायची, असे वाटणे साहजिक होते.

ऑक्टोबर १९४९ मध्ये सरकारने जीवनावश्यक मालाच्या पुरवठ्याच्या कायद्याखाली गिरणीवर नियंत्रक नेमला. त्याने संचालकांना हे उरलेले पन्नास रुपये मागवण्यास सांगितले. ते कंपनीच्या किंवा भागधारकांच्या हिताचे नाही, असे म्हणून संचालकांनी नकार दिला. ९ जानेवारी १९५० रोजी वटहुकूम निघाला. त्याच्या प्रस्तावनेत गैरव्यवस्था आणि दुर्लक्ष यांमुळे आवश्यक मालाच्या उत्पादनावर परिणाम झाला व बेकारी ओढवली असे नमूद होते. दोष कोणाचा हे कोर्टाच्या पायरीआधीच कायद्याच्या मजकुरात लिहून झाले. जुने संचालक पायउतार झाले, एजंटांचा करार संपला, सरकारने आपले संचालक बसवले. भागधारकांना संचालक निवडता येईना, सरकारच्या मंजुरीशिवाय त्यांचा ठराव अमलात येईना आणि कंपनी गुंडाळण्याचा अर्जही करता येईना. एप्रिलमध्ये वटहुकमाची जागा संसदेच्या कायद्याने घेतली.

चिरंजितलाल चौधरी या भागधारकाने कायद्याला थेट सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. देशात एवढ्या कंपन्या असताना एकटीसाठी कायदा का, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. ४ डिसेंबर १९५० रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी याचिका फेटाळली गेली. दुसऱ्या कंपन्यांचीही हीच स्थिती होती हे याचिकाकर्त्याने दाखवायला हवे होते, असा बहुमताचा रोख होता. न्या. पतंजली शास्त्री आणि न्या. सुधीरंजन दास यांना हे पटले नाही. गैरव्यवस्था हे काही एकाच कंपनीचे खास लक्षण नव्हे, ही न्या. दास यांची हरकत मला आजही बिनतोड वाटते.

त्याआधी, फेब्रुवारी १९५० मध्ये, सरकारनियुक्त संचालकांनी ते पन्नास रुपये मागवलेच होते. अग्रहक्क भागधारक द्वारकादास श्रीनिवास यांनी आपल्यासारख्या इतरांच्या वतीने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. तेथे हरल्यावर ते अपिलात गेले आणि १८ डिसेंबर १९५३ रोजी सर्वोच्च न्यायालयात जिंकले. कंपनीकडे मालकीचे नुसते टरफल उरले असून भरपाई न देता मालमत्ता काढून घेतल्यासारखेच हे आहे, असा निकालाचा आशय होता. गिरणी कोणामुळे बंद पडली, यावर मात्र दोन्ही निकालांत साक्षीपुरावा झाला नाही, कारण न्यायालयापुढे तो प्रश्नच नव्हता.

या निकालानंतर १९५५ मध्ये चौथी घटनादुरुस्ती झाली आणि सार्वजनिक हितासाठी किंवा नीट कारभारासाठी ठरावीक मुदतीपुरते व्यवस्थापन हाती घेण्याला घटनेत संरक्षण मिळाले. दुसरीकडे, गैरकारभाराविरुद्ध भागधारकाला स्वतः न्यायालयात जाता यावे अशी तरतूद कंपनी कायद्यात १९५१ मध्येच आली होती. १९५६ च्या कायद्यात ती कलम ३९७ व ३९८ म्हणून विस्तारली. मॅनेजिंग एजन्सी १९७० मध्ये कायमची बंद झाली.

आता हा मार्ग २०१३ च्या कायद्यातील कलम २४१ चा आहे. भागभांडवल असलेल्या कंपनीत साधारणपणे शंभर सभासद, किंवा एकूण सभासदांपैकी एक दशांश, किंवा एक दशांश भाग धारण करणारे एकत्र आल्याशिवाय अर्ज करता येत नाही. न्यायाधिकरणाने सूट दिली तर गोष्ट वेगळी. सोलापूरच्या भागधारकांना त्यासाठी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाकडे जावे लागते, आणि तेथे गैरव्यवस्थेचा आरोप हिशेबाच्या वह्या, सभांची इतिवृत्ते आणि कर्जाची कागदपत्रे पुढे ठेवून अर्जदारालाच सिद्ध करावा लागतो.