उणे १७ गुणांची शाळा: एडी हाऊ यांची पार्श्वभूमी

१६ मार्च २०२५ रोजी इंग्लंडचा फुटबॉल क्लब न्यूकॅसलने वेम्बलीवर लिव्हरपूलला २-१ हरवून लीग कप जिंकला. १९५५ नंतर क्लबच्या हाती आलेला हा पहिलाच मोठा देशांतर्गत करंडक. प्रशिक्षक एडी हाऊ यांचं नाव निघालं की सौदी मालकांचा पैसा हटकून निघतो. पण हा माणूस घडला तो इंग्लंडच्या चौथ्या स्तरावर, लीग टूमध्ये, आणि तिथे पैशांचा खडखडाट होता.

खेळाडू म्हणून हाऊ बोर्नमथ क्लबचे सेंटर-बॅक, म्हणजे बचावफळीच्या मध्यावरचे. पदार्पण १९९५ मध्ये. मार्च २००२ मध्ये पोर्ट्समथने त्यांना सुमारे ४ लाख पौंडांना घेतलं आणि पहिल्याच सामन्यात गुडघा गेला. तिथे लीगचे जेमतेम दोन सामने झाले. २००४ मध्ये ते लोनवर, म्हणजे उसने खेळाडू म्हणून, बोर्नमथला परतले. त्यांना कायम ठेवायचं तर क्लबकडे रक्कम नव्हती, म्हणून चाहत्यांनी वर्गणी काढून २१ हजार पौंड उभे केले. गुडघा मात्र सावरला नाही. २००७ मध्ये, तिशीच्या आतच, खेळ संपला.

पुढच्याच हंगामात कर्जबाजारी क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला. त्याबद्दल १० गुण कापले गेले आणि तेवढ्यानेच संघ लीग टूमध्ये घसरला. त्यातून बाहेर पडताना घेणेकऱ्यांशी रीतसर तडजोड व्हावी लागते. कर्जाच्या रकमेत ७५ टक्के वाटा असलेल्यांची संमती लागते. ती झाली नाही, म्हणून २००८-०९ ची सुरुवात उणे १७ गुणांनी झाली. विजयाला ३ गुण, म्हणजे सहा सामने जिंकल्यावर कुठे खातं शून्याच्या वर येणार.

३१ डिसेंबर २००८ रोजी युवा संघ सांभाळणाऱ्या हाऊंकडे मुख्य संघाची तात्पुरती जबाबदारी आली. वय ३१. संघ २४ पैकी २३ वा, आणि खालचे दोन थेट लीगबाहेर. पहिले दोन्ही सामने ते हरले, तरी क्लबने त्यांनाच कायम केलं. हा निर्णय धाडसाचा म्हणावा लागेल. एप्रिलमध्ये ग्रिम्सबीविरुद्ध ३६ वर्षांच्या स्टीव्ह फ्लेचरने ८० व्या मिनिटाला गोल मारला, सामना २-१ सुटला आणि जीव वाचला. मैदानावर कमावलेले गुण ६३, हाती उरले ४६. खाली गेलेल्या चेस्टर सिटीचे ३७. कपात नसती तर हा संघ तक्त्याच्या मध्यावर आरामात बसला असता.

पुढच्या हंगामात नवे खेळाडू नोंदवायलाच मनाई होती. हाताशी होते त्यांनाच घासूनपुसून तयार करायचं, दुसरा इलाजच नव्हता. संघ ८३ गुणांसह दुसरा आला आणि वर चढला. मधली बर्नली क्लबमधली पावणेदोन वर्षं सोडली तर हीच रीत टिकली. ऑक्टोबर २०१२ मध्ये परतल्यावर लगेच बढती, २०१४-१५ मध्ये दुसऱ्या स्तराचं, म्हणजे चॅम्पियनशिपचं विजेतेपद, मग सर्वोच्च प्रीमियर लीगमध्ये सलग पाच हंगाम. स्टीव्ह कुक, सायमन फ्रान्सिस, चार्ली डॅनियल्स, मार्क प्यू हे तिसऱ्या स्तरावरचे गडी त्यांच्याबरोबरच प्रीमियर लीगपर्यंत गेले. मात्र २०२० मध्ये संघ उतरला आणि हाऊ बाहेर पडले.

नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यूकॅसल हाती आलं तेव्हा ११ सामन्यांत गुण होते ५. जानेवारीत पैसा ओतला गेला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण स्ट्रायकर म्हणून आणलेला आणि गोलसाठी धडपडणारा जोएलिंटन आधीपासून संघातच होता. हाऊंनी त्याला मिडफिल्डमध्ये ओढलं, आणि चेंडू हिसकावण्यात तो त्या संघाचा हुकमी माणूस ठरला.