भारत–दक्षिण कोरिया संबंध

भारत व कोरिया प्रजासत्ताक (दक्षिण कोरिया) या दोन आशियाई राष्ट्रांमधील राजनैतिक, आर्थिक व संरक्षणविषयक भागीदारी. दिल्ली आणि सोल यांच्यात सुमारे ४,७०० किमी. अंतर आहे. दोघांची सीमा कोठे भिडत नाही आणि भूप्रदेशाचा कोणताही वाद नाही. १५ ऑगस्ट हा दोन्ही देशांचा स्वातंत्र्यदिन. कोरियाची जपानपासून मुक्तता १९४५ची, भारताचे स्वातंत्र्य १९४७चे. पूर्ण राजनैतिक संबंध १९७३पासून असून २०१५पासून त्यांना ‘विशेष सामरिक भागीदारी’ असे अधिकृत नाव आहे.

अयुताचा प्रश्न : या संबंधांचा आरंभ इ.स. ४८मध्ये झाला, असे दोन्ही देशांचे नेते भाषणांतून सांगतात. त्याला आधार आहे तो ‘सामगुक युसा’ या ग्रंथाचा. इरयॉन (१२०६–१२८९) या बौद्ध भिक्षूने तो तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, बहुधा १२८०च्या आसपास, संकलित केला. त्यातील कथा अशी : अयुता देशाची सोळा वर्षांची राजकन्या हो ह्वांग-ओक आईवडिलांना पडलेल्या स्वप्नानुसार तांबड्या शिडाच्या जहाजातून कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावर आली व कोरियातील गया राज्याचा संस्थापक सुरो याच्याशी तिचा विवाह झाला. गिम्हे शहरात राजा-राणीची म्हणून दाखवली जाणारी थडगी आहेत. गिम्हेचे किम आणि हो ही कुळे आपली परंपरा या दांपत्यापर्यंत नेतात. दोन्ही कुळांत परस्पर विवाह न करण्याची रूढीही त्यातूनच आली.

अयुता म्हणजे अयोध्या, हे समीकरण आज सर्रास गृहीत धरले जाते. मात्र त्यात अनेक अडचणी आहेत. कथेचा मूळ मजकूर इरयॉनचा नव्हे. अकराव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात गिम्हे येथील एका अधिकाऱ्याने लिहिलेल्या गारक (म्हणजे गया) राज्याच्या वृत्तांतातून त्याने तो संक्षेपाने घेतला. म्हणजे घटना व तिची सर्वांत जुनी ज्ञात नोंद यांत हजार वर्षांचे अंतर पडते. भारतीय साधनांत या राजकन्येचा उल्लेख सापडत नाही. आज रूढ झालेले ‘सुरीरत्ना’ हे नावही त्या ग्रंथात नाही. ते आधुनिक आहे. शिवाय इसवी सनाच्या पहिल्या शतकात शरयूकाठच्या नगरीला साकेत म्हणत. तिला अयोध्या हे नाव गुप्तकाळात रूढ झाले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. उलट ह्यूएनत्संगाने सातव्या शतकात अयोध्येचे नाव ज्या चिनी चिन्हांनी लिहिले, त्यांच्याशी ग्रंथातील ‘अयुता’चे लेखन जवळजवळ तंतोतंत जुळते. हे नाव समुद्रमार्गे आलेल्या कोणाच्या तोंडून ऐकून लिहिलेले नसून चिनी बौद्ध वाङ्मयातून उचललेले असावे, या तर्काला त्यामुळे बळ मिळते.

पर्यायी मते तीन आहेत. एका मतानुसार अयुता म्हणजे थायलंडमधील अयुथया. परंतु ती राजधानी १३५१च्या सुमारास, म्हणजे ग्रंथानंतर वसली. त्यामुळे हे मत टिकत नाही. दुसऱ्या मतानुसार हा देश दक्षिण भारतातील, कन्याकुमारीच्या बाजूचा आय राजवंशाचा प्रदेश होय. समुद्रप्रवासाच्या दृष्टीने ते अधिक सोयीचे असले, तरी त्याची मदार मुख्यतः नामसादृश्यावर आहे. तिसरे मत कोरियन पुरातत्त्वज्ञ किम ब्यॉंग-मो यांचे. राणीच्या थडग्यापुढील सतराव्या शतकातील शिलेवर तिला ‘फूचौची राणीमाता’ म्हटले आहे. त्यावरून राणीचे घराणे अयोध्येहून चीनच्या सिचुआनमधील फूचौ येथे व तेथून पुढे कोरियात गेले, अशी मांडणी त्यांनी केली. सुरोच्या थडग्याच्या प्रवेशद्वारावरील समोरासमोर तोंड केलेल्या दोन माशांचे चिन्ह अयोध्येतही दिसते, हा त्यांचा दुसरा पुरावा. तथापि अयोध्येत व लखनौत दिसणारी मत्स्यजोडी मुख्यतः अवधच्या नवाबांच्या राजचिन्हातून आलेली, म्हणजे अठराव्या शतकातील आणि नंतरची आहे. उत्तर प्रदेश शासनाच्या बोधचिन्हातील मासे त्याच परंपरेतले. पहिल्या शतकाच्या पुराव्यासाठी ते उपयोगी पडत नाहीत.

गिम्हे येथील पासा स्तूपाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. समुद्रदेवतेच्या कोपाने जहाज अडले, तेव्हा वडिलांनी हा दगडी स्तूप जहाजावर चढवायला सांगितला व मग समुद्र शांत झाला, असे ग्रंथ म्हणतो. स्तूप चौकोनी व पाच मजली असून त्याच्या दगडावर फिकट तांबडे ठिपके आहेत, दगड ठिसूळ आहे व तो ‘या भागातला नव्हे’, अशी इरयॉनची नोंद आहे. कोंबड्याच्या तुऱ्याचे रक्त लावून पारखायचा दगड तो हाच, असेही तो औषधिग्रंथाच्या हवाल्याने सांगतो. आज तेथे उभे असलेले झिजलेले, वेडेवाकडे दगड पाहिले, तर त्यावरील कोरीव कामाची कल्पना येत नाही. महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. त्या काळी कोरियात बौद्ध धर्म पोहोचलाच नव्हता, त्यामुळे मूळ वृत्तांतात विहार बांधल्याचा उल्लेख नाही, आणि राणीच्या नावाचा विहार पुढे ४५२मध्ये झाला, हे इरयॉन स्वतःच नमूद करतो. तेराव्या शतकातील भिक्षूने दाखवलेली ही सावधगिरी एकविसाव्या शतकातील स्वागतसमारंभांत क्वचितच आढळते. एकंदरीत पाहता, गया राज्याचा सागरी व्यापार व परकीय राणीची आठवण हा कथेचा जुना गाभा असावा आणि अयुता हे नाव बौद्ध प्रभावाखाली नंतर जोडले गेले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

कथेच्या राजकीय उपयोगावर या शंकांचा परिणाम झालेला नाही. २००१मध्ये अयोध्येत शरयूकाठी राणीचे स्मारक उभारले गेले. ६ नोव्हेंबर २०१८ रोजी दक्षिण कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी किम जुंग-सूक यांच्या उपस्थितीत त्याच्या विस्ताराची पायाभरणी झाली. २०१९मध्ये दोन्ही देशांनी राणीवर संयुक्त टपाल तिकिटे काढली.

बौद्ध संपर्क : याबाबतची साधने थोडी पण अधिक विश्वसनीय आहेत. कोरियातील पेक्चे राज्यात ३८४मध्ये बौद्ध धर्म नेणारा भिक्षू मालानंद हा भारतीय असावा. तो चीनमार्गे गेला. सिल्ला या कोरियन राज्यातील ह्येचो हा भिक्षू ७२०च्या दशकात भारतात फिरला. त्याच्या प्रवासवृत्तांताची खंडित प्रत फ्रेंच संशोधक पॉल पेलिओ यांना १९०८मध्ये चीनमधील तुनह्वांग येथील गुहेत सापडली. ती आता पॅरिसमध्ये आहे. त्याने वर्णिलेले दक्षिण हिंदुस्थानचे राज्य बदामीच्या चालुक्यांचे असावे. तसे असल्यास आजच्या महाराष्ट्राचा काही भाग त्यात येतो. मगधातील भिक्षू ध्यानभद्र १३२६मध्ये कोरियाच्या कोऱ्यो राज्यात पोहोचला. त्यानंतर जवळपास सहा शतके थेट संपर्काचा पुरावा नाही. १९२९मध्ये रवींद्रनाथ टागोरांनी जपानी अंमलाखालील कोरियाला उद्देशून लिहिलेल्या चार ओळी तेथे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहेत. टागोर स्वतः मात्र कोरियात कधी गेले नाहीत.

कोरियन युद्ध व भारतीय रक्षक दल : आधुनिक संबंधांची खरी सुरुवात येथून धरावी लागते. संयुक्त राष्ट्रांच्या तात्पुरत्या कोरिया आयोगाचे अध्यक्षपद भारतीय मुत्सद्दी के. पी. एस. मेनन यांच्याकडे होते. आयोगाच्या देखरेखीखाली १० मे १९४८ रोजी दक्षिणेत निवडणुका झाल्या. १९५०मध्ये युद्ध पेटल्यावर भारताने लढाऊ सैन्य न पाठवता लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली ६० वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स ही वैद्यकीय तुकडी पाठवली. मार्च १९५१मध्ये मुनसान येथे अमेरिकी छत्रीधारी सैनिकांबरोबर तिचे जवानही विमानातून उतरले. रंगराज यांना महावीर चक्र मिळाले.

युद्धबंदीची बोलणी अडली ती मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या कैद्यांवरून. भारताने मांडलेला तोडग्याचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९५२मध्ये स्वीकारला. जुलै १९५३मधील युद्धबंदीनंतर तटस्थ राष्ट्रांचा प्रत्यावर्तन (कैद्यांना मायदेशी पाठवण्याचा) आयोग स्थापन झाला व लेफ्टनंट जनरल के. एस. थिमय्या त्याचे अध्यक्ष झाले. सुमारे २३,००० कैदी प्रत्यक्ष ताब्यात ठेवण्याचे काम भारतीय रक्षक दलाकडे आले. त्याचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात (एस. पी. पी. थोरात). भारताची तटस्थता दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांना मान्य नव्हती. भारतीय जवानांचे पाय आपल्या भूमीला लागू देणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. परिणामी जवानांना इंचॉनजवळ जहाजांवरून अमेरिकी हेलिकॉप्टरांनी उचलून थेट दोन कोरियांमधील निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. तेथील त्यांच्या छावणीला ‘हिंद नगर’ असे नाव होते. सप्टेंबर १९५३मध्ये कैद्यांनी एका भारतीय मेजरला आपल्या कुंपणात ओढून नेले. तेव्हा थोरात स्वतः आत गेले आणि गोळी न झाडता, बोलून त्याला सोडवून आणले. ज्यांना कोणत्याच बाजूला जायचे नव्हते असे ८८ जण फेब्रुवारी १९५४मध्ये दलाबरोबर भारतात आले. त्यांत ७६ कोरियन व १२ चिनी होते. बहुतेक जण पुढे ब्राझील व अर्जेंटिनात स्थायिक झाले, थोडे भारतातच राहिले. स्मारके, तिकिटे व भाषणे या सर्वांत अयुतेच्या राजकन्येच्या तुलनेत या प्रसंगाला फारच कमी जागा मिळाली आहे.

राजनैतिक संबंध : वाणिज्यदूत स्तरावरील संबंध १९६२मध्ये व राजदूत स्तरावरील १० डिसेंबर १९७३ रोजी सुरू झाले. उत्तर कोरियाशीही भारताने त्याच दिवशी संबंध जोडले. पुढची दोन दशके संथ होती. पी. व्ही. नरसिंह राव १९९३मध्ये सोलला गेले. कोरियाला भेट देणारे ते पहिले भारतीय पंतप्रधान. २६ जानेवारी २०१०च्या संचलनास अध्यक्ष ली म्यॉंग-बाक प्रमुख पाहुणे होते व त्या वेळी ‘सामरिक भागीदारी’ जाहीर झाली. नागरी अणुसहकार्याचा करार २०११मध्ये झाला. मे २०१५मध्ये नरेंद्र मोदी यांच्या सोल भेटीत ‘विशेष’ हे विशेषण जोडले गेले.

उद्योग : १९९१च्या आर्थिक सुधारणांनंतर जपानी कंपन्या अंदाज घेत असताना कोरियन कंपन्या भांडवलासह उतरल्या. सॅमसंग १९९५, ह्युंदाई १९९६ व एलजी १९९७ हा क्रम पुरेसा बोलका आहे. सगळेच टिकले नाहीत. मूळ देवू समूह १९९९मध्ये कोसळल्यावर त्याचा उत्तर प्रदेशातील सूरजपूरचा मोटार कारखाना काही वर्षांत बंद पडला. पोस्को या कोरियन पोलाद कंपनीचा ओडिशातील जगतसिंगपूर येथील १२ अब्ज डॉलरचा पोलाद प्रकल्प (करार जून २००५) त्या वेळी भारतातील सर्वांत मोठी परकीय गुंतवणूक म्हणून गाजला. पण ढिंकिया व आसपासच्या गावांतील पानमळे नगदी पीक देणारे होते. वनजमिनीवरील या मळ्यांची मालकी कागदावर नव्हती, उत्पन्न मात्र रोजचे होते. ग्रामस्थांचा विरोध, वनहक्क कायदा व हरित न्यायाधिकरणाने २०१२मध्ये स्थगित केलेली पर्यावरण मंजुरी यांमुळे प्रकल्प रखडला व २०१७मध्ये कंपनीने माघार घेतली. त्याच कंपनीचा रायगड जिल्ह्यातील विळे-भागाड येथील पोलादपत्र्याचा कारखाना चालू आहे, कारण तेथे खाण नको होती व जमीन औद्योगिक वसाहतीची होती. पुणे परिसरात रांजणगावला एलजीचा कारखाना असून तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने ऑगस्ट २०२३मध्ये केला. ह्युंदाईच्या भारतीय कंपनीची ऑक्टोबर २०२४मधील २७,८७० कोटी रुपयांची समभागविक्री तोपर्यंतची भारतातील सर्वांत मोठी ठरली.

व्यापार करार : सर्वंकष आर्थिक भागीदारी करार (सेपा) ७ ऑगस्ट २००९ रोजी झाला व १ जानेवारी २०१०पासून लागू झाला. भारताच्या आकडेवारीनुसार २००९-१०मध्ये कोरियातून आयात सुमारे ८.६ अब्ज व निर्यात ३.४ अब्ज डॉलर होती. २०२३-२४मध्ये हे आकडे अनुक्रमे सुमारे २१.१ व ६.४ अब्ज झाले. (कोरियाचे आकडे जानेवारी ते डिसेंबर असल्याने जुळत नाहीत, वृत्तपत्रांत दोन्हींची सरमिसळ नेहमी होते.) कोरियातून येतात ते पोलाद, रसायने, अर्धवाहक व मोटारींचे भाग, भारतातून जातात नाफ्था (खनिज तेलापासूनचे रसायन), ॲल्युमिनियम, सूत आणि तीळ. वाढत्या तुटीचे खापर करारावर फोडले जाते. पण या आयातीचा मोठा हिस्सा भारतातील कोरियन कारखान्यांचाच कच्चा माल आहे, हे लक्षात घ्यायला हवे.

वादाचा तांत्रिक मुद्दा ‘उगम नियमां’चा, म्हणजे माल कोणत्या देशाचा मानायचा हे ठरवणाऱ्या नियमांचा. कोरियन माल म्हणून जकातीत सवलत हवी, तर वापरलेल्या परकीय घटकांचे जकात-वर्गीकरणातील सहा अंकी उपशीर्षक तयार मालात बदललेले असावे व किमान ३५ टक्के मूल्य स्थानिक असावे, असा सर्वसाधारण नियम आहे. दोन्ही अटी एकत्र लागू असल्याने भारतीय निर्यातदारांनाही त्या जड जातात. तिसऱ्या देशाचा माल कोरियामार्गे येतो, या संशयावरून भारताने सप्टेंबर २०२०पासून आयातदारावरच उगमाची माहिती ठेवण्याची जबाबदारी टाकली. कराराच्या सुधारणेसाठी २०१६पासून बोलण्यांच्या अनेक फेऱ्या झाल्या आहेत.

संरक्षण : के-९ वज्र ही १५५ मिमी.ची, स्वतःच्या वाहनावर बसवलेली (स्वयंचलित) तोफ कोरियन रचनेवर लार्सन अँड टुब्रोने गुजरातमधील हजीरा येथे बनवली. २०१७च्या करारातील १०० तोफा २०२१पर्यंत सेनादलाला मिळाल्या. वाळवंटासाठी घेतलेल्या या तोफा नंतर लडाखमध्येही नेण्यात आल्या. आणखी तोफांसाठी ७,६२९ कोटी रुपयांचा करार डिसेंबर २०२४मध्ये झाला. याउलट वास्को येथील गोवा शिपयार्डमध्ये कांगनाम या कोरियन कंपनीच्या सहकार्याने १२ सुरुंगशोधक जहाजे बांधण्याची सुमारे ३२,००० कोटी रुपयांची योजना तंत्रज्ञान हस्तांतरण व किमतीवरील मतभेदांनंतर २०१८मध्ये रद्द झाली.