'बाय आउट': पैसे घेऊन बाहेर कोण पडतं?

मराठी अर्थवृत्तांत 'बाय आउट'साठी सर्रास 'ताबा' किंवा 'अधिग्रहण' छापलं जातं. त्यातून घेणारा दिसतो, पैसे घेऊन बाहेर पडणारा दिसत नाही. 'आउट' तर त्याच्यासाठीच आहे.

मूळ अर्थ पैसे भरून सुटका करून घेण्याचा. १६२३ साली छापलेल्या एका इंग्रजी नाटकातला व्यापारी दंड भरता न आल्यामुळे आपला जीव 'बाय आउट' करू शकत नाही. ब्रिटिश लष्करात रक्कम भरून मुदतीआधी मोकळं होण्यालाही हेच क्रियापद वापरत. भागीदाराचा हिस्सा घेऊन त्याला मोकळं करणं हा त्याच वळणाचा अर्थ.

१९८०च्या दशकात अमेरिकेत कर्ज काढून कंपन्या घेण्याची लाट आली आणि 'बायआउट' हे नाम मथळ्यांत गेलं. १९८८ मध्ये ठरलेला एक व्यवहार सुमारे २,५०० कोटी डॉलरचा होता. कर्ज फेडायचं ते घेतलेल्या कंपनीच्याच कमाईतून. कमाई घटली की व्याज भागवायला तिचे विभाग विकावे लागत.

खरा गोंधळ शेजारच्या शब्दांचा. 'बाय अप' म्हणजे मिळेल तेवढा माल किंवा जमीन उचलणं. 'बाय ऑफ' म्हणजे पैसे चारून गप्प करणं. 'बायबॅक'मध्ये कंपनी स्वतःचेच शेअर परत घेते. 'बाय आउट'चं कर्म बहुधा माणूस असतं: 'शी बॉट हर पार्टनर आउट'. सर्वनाम आलं की ते मधेच बसतं: 'बॉट हिम आउट'. 'बॉट आउट हिम' चूक. क्रियापद दोन शब्दांत लिहायचं, नाम एका.

दुकानाच्या भागीदारीत हा फरक पैशांत मोजला जातो. ६० लाखांच्या पेढीतला निम्मा भागीदार ३० लाख घेऊन निघाला, तर मराठीत 'त्याचा हिस्सा घेऊन त्याला मोकळं केलं' हेच नेमकं. पण १९३२च्या भागीदारी कायद्यानुसार निवृत्तीची जाहीर सूचना निघेपर्यंत, तो भागीदार होता हे ठाऊक असलेले धनको त्याच्याकडेही नंतरची देणी मागू शकतात. हिशेब न मिटवता धंदा चालूच ठेवला आणि वेगळा करार नसेल, तर त्याच्या हिश्शावर कमावलेला नफा किंवा वार्षिक ६ टक्के व्याज, यांतलं एक निवडायचा हक्क त्याचा.