कुला नुवुन: जावाच्या खेड्यातली जमीन, घर आणि पाहुणा

इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या खेड्यात कुणाच्या दाराशी गेलं की कडी वाजवण्याआधी माणूस 'कुला नुवुन' म्हणतो. मी परवानगी मागतो, एवढाच त्याचा अर्थ. आतून 'मोंग्गो' असं उत्तर आलं की मग पाऊल आत. पुढे गोड चहा येतो. यजमान पुन्हा 'मोंग्गो' म्हणेपर्यंत कपाला हात लावायचा नाही. रस्त्याने नुसतं जाणाऱ्या ओळखीच्या माणसालाही ओट्यावरून हाक येते, 'मोंग्गो पिनारक', या, बसा.

त्याच खेड्याच्या तोंडाशी मात्र एक पाटी असते: पाहुण्यांनी चोवीस तासांच्या आत कळवावं. कुणाकडे उतरलात, कुठून आलात, किती दिवस राहणार, हे वस्तीच्या प्रमुखाकडे नोंदवायचं.

अगत्य आणि पाटी यांत पहिल्यांदा विसंगती वाटते. इतिहासात मागे गेलं की दोन्ही एकाच मुळावर वाढलेली दिसतात. जावाचं खेडं शेकडो वर्षं वरच्या सत्तेला एकत्रितपणे जबाबदार राहिलं. सारा असो, वेठ असो, पहारा असो, हिशेब माणशी नव्हे तर गावाकडे मागितला जाई. त्यामुळे इथे कोण राहतं, कोण आलं आणि कुणाच्या नावावर काय आहे, हे गावाला ठाऊक असावंच लागे.

खेड्याला तिकडे 'देसा' म्हणतात. हा आपलाच 'देश', संस्कृतातून गेलेला. रहिवाशाला 'वार्गा' म्हणतात, तो आपला 'वर्ग'. जिल्ह्याच्या प्रमुखाला 'बुपाती', म्हणजे भूपती. शब्द ओळखीचे असले तरी त्यांच्यामागची व्यवस्था जावाची स्वतःची आहे.

सगळ्यात जुना पुरावा शिलालेखांचा आणि ताम्रपटांचा. नवव्या-दहाव्या शतकात मध्य जावाचे राजे एखाद्या गावाचं उत्पन्न देवळाला किंवा विहाराला लावून देत. अशा जमिनीला 'सीमा' म्हणत आणि ती दाखवायला दगड रोवत. या लेखांत मला सगळ्यात बोलका वाटतो तो समारंभाचा तपशील. शेजारच्या गावांचे वडीलधारे साक्षीला बोलावले जात, त्यांना वस्त्रं आणि सोनं-चांदी दिली जाई, सगळे मिळून जेवत. मग पुरोहित अंडं फोडून, कोंबडीची मान कापून शाप उच्चारी: जो ही सीमा मोडेल त्याची हीच गत होवो. आपल्याकडे शिलाहारांच्या गधेगळांवर दान मोडणाऱ्याला शापच कोरलेला असतो, त्यामुळे मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. महत्त्वाचं हे की जमिनीचा हक्क पक्का व्हायला शेजाऱ्यांनी पाहुणे म्हणून यावं आणि जेवून जावं लागे. ज्याच्या पंगतीला शेजारी बसले, त्याचा बांध शेजाऱ्यांना मान्य.

पुढे माताराम या इस्लामी राज्याच्या काळात सगळी जमीन तत्त्वतः राजाची झाली. १७५५ च्या गियांती तहाने राज्य सुराकार्ता आणि योग्याकार्ता असं दुभंगलं, तरी पद्धत तीच राहिली. राजा आपल्या नातलगांना आणि सरदारांना पगार देत नसे, गावांचं उत्पन्न तोडून देई. मोजमाप जमिनीच्या क्षेत्रापेक्षा कष्टकरी कुटुंबांचं होई. या एककाला 'चाचाह' म्हणत, आणि अमुक सरदाराकडे इतके चाचाह, अशी त्याची ऐपत सांगितली जाई. सरदार राजधानीत राही, वसुली 'बेकेल' नावाचा गावातला माणूस करी. अशा तोडून दिलेल्या जमिनीला 'लुंग्गुह' म्हणत. लुंग्गुह म्हणजे मुळात बसणं. 'पिनारक' हा त्याच क्रियेचा आदरार्थी शब्द. जमिनीवर हक्काने बसणं आणि ओसरीवर पाहुणा म्हणून बसणं, जावाच्या भाषेत ही दोन्ही बसणी इतकी जवळ आहेत.

१८११ साली इंग्रजांनी डचांकडून जावा घेतलं आणि स्टॅम्फर्ड रॅफल्स तिथला कारभारी झाला. इथे आपल्याशी खरा धागा जुळतो. रॅफल्सने आणलेली जमीन महसुलाची पद्धत हिंदुस्थानातल्या कंपनी सरकारच्या अनुभवावर बेतलेली होती. जमीनधाऱ्याच्या चौकशीचं काम त्याने कर्नल कॉलिन मॅकेंझीकडे दिलं. दक्षिण हिंदुस्थानात मोजणी आणि हस्तलिखितं गोळा करण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तोच हा मॅकेंझी. गृहीत असं की जमीन राजाची होती, राजाच्या जागी आता सरकार, म्हणून रयतेने सरकारला खंड द्यावा. उत्तम भातशेतीवर तो निम्म्या पिकापर्यंत जाई. पेशवाई बुडाल्यावर मुंबई इलाख्यात जी रयतवारी आली, तिची ही चुलत बहीण. मात्र जावात शेतकऱ्यागणिक मोजणी करायला ना माणसं होती ना वेळ. १८१६ साली बेट डचांना परत गेलं. कागदावर रयत एकेकटी धरली गेली, वसुली गावच्या प्रमुखामार्फतच चालू राहिली.

योग्याकार्ताचा राजपुत्र दीपोनेगोरो याच्या उठावात, म्हणजे १८२५ ते १८३० च्या जावा युद्धात, डच तिजोरी रिकामी झाली. ती भरायला १८३० साली डच गव्हर्नर जनरल व्हान डेन बॉशने सक्तीच्या लागवडीची पद्धत आणली. गावाने पाचवा हिस्सा जमीन ऊस, नीळ अशा पिकांना द्यावी, किंवा वर्षाचे ६६ दिवस काम करावं, असा नियम. प्रत्यक्षात मागणी त्याहून कितीतरी जास्त झाली. १८४८ ते १८५० च्या सुमारास देमाक आणि ग्रोबोगानमध्ये भीषण दुष्काळ पडला, भातासाठी नावाजलेल्या मुलखात.

या पद्धतीने खेड्यातल्या मालमत्तेचा आकारच बदलला. वेठीचा बोजा ज्याच्याकडे भातशेती त्याच्यावर. मग बोजा वाटून घेण्यासाठी शेतीही वाटून घेणं अनेक ठिकाणी सोयीचं ठरलं. कित्येक गावांत पूर्वी घराण्यांकडे असलेली 'सावा', म्हणजे पाण्याखालची भातशेती, सामायिक झाली आणि ठरावीक काळाने फिरवून दिली जाऊ लागली. सामुदायिक जमीन ही पूर्वेची आदिम बंधुता, असं पुष्कळांनी मोठ्या प्रेमाने लिहिलं आहे. मला ते पटत नाही. त्यातला बराच भाग वेठीच्या हिशेबातून आलेला आहे.

याच हिशेबातून गावातल्या पायऱ्या पक्क्या झाल्या. नावं प्रांताप्रांतात वेगळी. घर, परसू आणि सावा तिन्ही असलेला, म्हणून गावाच्या सगळ्या कामांना बांधलेला तो 'गोगोल', 'सिकेप' किंवा 'कुली केंचेंग'. त्याखाली नुसतं घर आणि परसू असलेला. त्याखाली दुसऱ्याच्या परसात झोपडी घातलेला, 'इंदुंग' किंवा 'मागेरसारी'. सगळ्यात खाली दुसऱ्याच्या घरातच राहणारा. म्हणजे शेवटची पायरी कायमच्या पाहुण्याची. जमीन नाही म्हणून वेठ नाही, आणि म्हणूनच गावाच्या बैठकीत आवाजही नाही.

गावच्या कारभाऱ्यांना पगाराऐवजी जमीन मिळे, तिला 'बेंगकोक' म्हणतात. पाटीलकीच्या वतनाशी हिची तुलना लगेच सुचते. फरक असा की वतन घराण्यात उतरे, बेंगकोक पदाबरोबर जाते. योग्याकार्ताच्या खेड्यांत या पगारी जमिनीला जुनंच नाव आहे, लुंग्गुह. निवृत्त कारभाऱ्याला आयुष्यभर कसायला मिळणारी जमीनही तिथे वेगळी असते.

१८७० च्या डच कायद्याने ज्या जमिनीची मालकी सिद्ध होत नाही ती सरकारची ठरवली, पडीक जमीन मळेवाल्यांना दीर्घ मुदतीने दिली. मात्र स्थानिक माणसाची जमीन परक्याला विकत घेता येणार नाही, हे तत्त्वही त्याच काळात रुजलं. साखर कारखाने सावा भाड्याने घेत, हंगाम संपला की परत करत. जमीन परक्याच्या पायाखाली असली तरी नावावर गावाचीच.

घराची रचनाही याच जगाला धरून आहे. सुखवस्तू माणसाचं घर 'जोग्लो' पद्धतीचं, मधे उंच चढत गेलेल्या छपराचं. पुढे चारही बाजूंनी उघडा 'पेंडोपो', आपल्या सदर-सोप्यासारखा, पाहुण्यांसाठी आणि बैठकींसाठी. त्यामागे 'प्रिंग्गितान', जिथे कळसूत्री छायांचा वायांग मांडला जाई. मग आतलं घर, आणि अगदी मागे तीन खोल्या. मधली खोली देवी श्रीची. ती भाताची देवी, आपल्या लक्ष्मीच्याच नावाची. तिथे सजवलेला पलंग असे आणि त्यावर कुणी झोपत नसे. मुसलमान घरांतही ही खोली पिढ्यान्‌पिढ्या टिकली. साधी माणसं बांबूच्या तट्ट्यांच्या घरात राहत, पण पुढची जागा पाहुण्याची आणि आतली घराची, हा क्रम तिथेही तोच. पुढच्या दाराने येतो तो औपचारिक पाहुणा. शेजारीण मागच्या दाराने थेट चुलीपाशी येते.

घरात कार्य निघालं की ही मागची बाजू गजबजते. आसपासच्या बायका दोन-तीन दिवस आधीपासून येऊन रांधतात, त्याला 'रेवांग' म्हणतात. घर उभारायला पुरुष जमतात ती 'सम्बातान', आपल्या इर्जिकीची सख्खी बहीण. पाहुणे तांदूळ, साखर किंवा पाकिटात पैसे आणतात, त्याला 'न्युम्बांग' म्हणतात, आणि कुणी किती दिलं याची आपल्या आहेरासारखीच वही ठेवतात. परतफेड चुकली तर गाव विसरत नाही. मयताच्या घरी जाणं तर टाळताच येत नाही. तिसऱ्या, सातव्या, चाळिसाव्या, शंभराव्या आणि हजाराव्या दिवशी 'स्लामेतान' होतं. शेजारचे पुरुष येऊन बसतात, प्रार्थना होते, आणि जेवणाचा बराचसा भाग 'बेर्कात' म्हणून घरी नेला जातो.

वारसाही बोलण्यातूनच चाले. मुलाला कावडीच्या दोन बाजू आणि मुलीला पाठीवरचं एक ओझं, असं जुनं वचन दोनास एकचं प्रमाण सांगतं. अनेक घरांत मात्र सर्वांना सारखं देतात. म्हातारपणी आईबापांना सांभाळतं त्या मुलाला किंवा मुलीला बहुधा राहतं घर जातं.

पाहुण्यांच्या पाटीचा उगम मात्र जपानी अमलात सापडतो. १९४२ साली जपानने बेट घेतलं, आणि १९४४ च्या सुरुवातीला दहा-वीस घरांचे शेजारगट बांधले. जपानात हीच व्यवस्था 'तोनारीगुमी' नावाने होती. भाताची सक्तीची वसुली, रेशन, पहारा आणि कोण आलं-गेलं याची खबर, हे सगळं त्या गटाकडे. जपानी गेले, गट राहिला. आज त्याला 'रुकुन तेतांगा' म्हणतात, शेजाऱ्यांचा एकोपा. रात्रीची गस्त, चौकीवर टांगलेला, इशाऱ्यासाठी ठोकायचा पोकळ लाकडी 'केंतोंगान', आणि गस्तवाल्यांसाठी दारात टांगलेल्या डबीतले चिमूटभर तांदूळ हा खेड्याच्या रात्रीचा भाग झाला. त्या तांदळाला 'जिम्पितान' म्हणतात. आता बहुतेक ठिकाणी डबीत नाणी पडतात.

स्वातंत्र्यानंतर १९६० चा मूलभूत जमीन कायदा आला. पूर्ण मालकी फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला. परदेशी माणसाला लग्नातून किंवा वारशाने ती मिळाली, तर वर्षाच्या आत सोडायची. दुसऱ्याच्या नावावर घेण्याची पळवाट कायद्याने रद्दबातल. शिवाय शेतजमिनीच्या मालकाने त्याच तालुक्यात राहावं, असाही नियम झाला. दूर राहून शेतीचा मालक होता येणार नाही, हे त्यामागचं सूत्र. दाट वस्तीच्या भागात भातशेतीला ५ हेक्टरची कमाल मर्यादा ठरली, अर्धेलीने कसणाऱ्यांच्या वाट्यासाठीही कायदा झाला. अंमलबजावणी रखडली तेव्हा १९६४ च्या सुमारास क्लातेनसारख्या भागांत कम्युनिस्टांच्या शेतकरी संघटनेने जमिनी स्वतः ताब्यात घ्यायला सुरुवात केली. १९६५-६६ साली कम्युनिस्ट ठरवलेल्यांच्या कत्तलीत देशभर काही लाख माणसं मारली गेली, त्यात मध्य आणि पूर्व जावाची खेडी सर्वांत पुढे. एकाच पंगतीत जेवलेल्यांनी एकमेकांची नावं दिली. त्यानंतर कित्येक दशकं जमिनीच्या वाटपाबद्दल उघड बोलणंही धोक्याचं होतं, आणि पाहुण्याची नोंद ही सरकारच्या कानापर्यंत जाणारी गोष्ट झाली.

त्यामागोमाग हरितक्रांती आली. पूर्वी बायका तळहातात मावणाऱ्या 'अनि-अनि' नावाच्या सुरीने एकेक लोंबी कापत, देवी श्री दचकू नये म्हणून पातं मुठीत लपवत. कापणीला बोलावणं लागत नसे. ज्या येतील त्यांना कापलेल्या भाताचा हिस्सा मिळे, तो 'बावोन'. ठेंगणी, झटपट पिकणारी नवी वाणं आल्यावर मालक उभं पीकच व्यापाऱ्याला विकू लागला. व्यापारी आपली टोळी विळे घेऊन आणी. शेजारणी बांधावरून परत जात. गिरण्या आल्या आणि कांडणाचं कामही गेलं. १९८४ साली देश तांदळात स्वयंपूर्ण झाला, ही मोठीच कमाई होती. पण न बोलावता दुसऱ्याच्या शेतात जाण्याचा हक्क भूमिहीन बाईच्या हातून गेला, तो परत आला नाही.

२०२० च्या जनगणनेत जावाची लोकसंख्या १५ कोटींच्या वर होती. अर्ध्या हेक्टरखालची शेती ही सर्वसाधारण गोष्ट आहे. पुष्कळ घरांकडे अजून सातबाऱ्यासारखा गावच्या वहीतला उतारा आहे, 'लेटर सी' नावाचा, सारा भरल्याचा पुरावा. सरकारी सनदा वाटण्याची मोहीम गेली काही वर्षं जोरात चालू आहे. ईदला शहरातली मुलं लाखोंनी घरी येतात, आईबापांच्या गुडघ्यांवर डोकं टेकून क्षमा मागतात, आणि त्याच मुक्कामात बांध कुणाचा, घर कुणाला, ही बोलणीही होतात.

२७ मे २००६ च्या भूकंपात योग्याकार्ताजवळच्या बांतुल आणि आसपासच्या भागात पाच हजारांहून जास्त माणसं गेली आणि घरं जमीनदोस्त झाली. न्गिबिकान या खेड्यात वास्तुविशारद एको प्रावोतो यांच्या साथीने गावकऱ्यांनी एकमेकांची घरं हाताने उभी केली, जुन्या छपराची ठेवण कायम ठेवून. २०१४ च्या ग्राम कायद्याने खेड्यांच्या हाती थेट निधी आला. पर्यटनाची खेडी वाढली. गुनुंगकिडुलमधल्या न्गलांग्गेरानला २०२१ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने उत्तम पर्यटन खेड्यांत गणलं. तिथे आता पाहुणा पैसे देऊन राहतो. यजमान त्याला पुढच्या खोलीत बसवतो, चहा ठेवतो, 'मोंग्गो' म्हणतो, आणि त्याचं नाव वस्तीच्या प्रमुखाला कळवतो.